बेसमेंटातली रायफल आणि करवतीचा काप



गेल्या पिकनिकला कणसे भाजता भाजता कोणीतरी आम्हाला हळूच विचारले, "तुमच्या बेसमेंटात म्हणे बंदुका आहेत?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी होती, की आम्ही खुलासा करायला तोंड उघडले, पण तेवढ्यात भेळ तयार झाली आणि विषय तिथेच राहिला. संपादकांनी मात्र तो सोडला नाही. "पुढच्या अंकात जागा आहे, लिहूनच द्या," असे त्यांनी फोन करून बजावले. म्हणून हा लेखी खुलासा.

दोन रायफली होत्या. दोन्ही जर्मन, दोन्ही आमच्यापेक्षा वयाने मोठ्या. आम्हा दोघांपैकी एकाचे आयुष्य यंत्रांत गेले आणि दुसरीचे लायब्ररीत, त्यामुळे एकाला लोखंडाचे वेड आणि दुसरीला कागदांचे. जुनी लष्करी रायफल ही अशी वस्तू आहे की तिथे ही दोन्ही वेडे एकत्र नांदतात, कारण तिच्या लोखंडावरच सगळे लिहिलेले असते. कुठे झाली, कधी झाली, कोणी तपासली, कोणत्या पलटणीला दिली. फक्त ते पुसायचे नसते. पहिल्या रायफलीच्या वेळी आम्हाला हे ठाऊक नव्हते.

ती आम्हाला १९९८ साली एका इस्टेट सेलमध्ये मिळाली. गेलो होतो पुस्तकांचे कपाट बघायला. कपाटामागे ती उभी होती, धुळीने आणि काळ्या चिकट ग्रीसने माखलेली. पहिल्या महायुद्धातली 'गेवेअर ९८', म्हणजे १८९८ ची रायफल. वर मुकुटाची खूण, खाली 'डान्झिग' आणि साल १९१६. डान्झिग म्हणजे आजचे पोलंडमधले ग्दान्स्क. तिथे तेव्हा प्रशियाचा सरकारी शस्त्रकारखाना होता. सव्वा मीटर लांब आणि चार किलोंहून थोडी जड. ती उचलून खांद्याला लावली तेव्हा पहिला विचार आला तो हा, की हे घेऊन चिखलात पळायचे कसे.

या रायफलीचे मूळ आहे नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावात. तिथल्या माउझर घराण्यातले विल्हेल्म आणि पाउल हे दोघे भाऊ बंदुका बनवणाऱ्याचीच मुले. त्यांची पहिली रायफल जर्मन सैन्याने १८७१ मध्ये घेतली. ती ११ मिलिमीटरची, काळ्या दारूची आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी. मग १८८४ मध्ये तिच्यात नळीखाली आठ काडतुसांची दुसरी नळी आली. १८८८ ची रायफल माउझरची नव्हती, ती लष्कराच्या एका समितीने जुळवली. आणि समितीने केलेल्या कामाचे जे होते तेच तिचे झाले, दहा वर्षांत ती बदलावी लागली. ५ एप्रिल १८९८ ला माउझरचे जे मॉडेल मंजूर झाले ते मात्र टिकले. पाच काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीतून अंगठ्याने दाबली की एकाच झटक्यात पोटात. बोल्टच्या पुढे दोन दणकट खुंट्या, आणि त्या दगा देतील म्हणून मागे तिसरी. काडतूस फुटलेच तर गॅस डोळ्यांकडे न येता बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला भोके. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल या घराण्याशी इतकी जुळत होती की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले. यंत्रवाल्याला हे सगळे पाठ आहे. पाहुणे जेवायला बसले की तो सुरू होतो, आणि दुसरी पोळ्या वाढण्याच्या निमित्ताने उठते.

तर अशी ती रायफल आम्ही घरी आणली आणि तिची वाट लावली.

दिवाळीच्या आधी पाट घासून काढतात ना, तसा आम्ही तिचा अक्रोडाचा दस्ता पॉलिशपेपरने घासला. डाग गेले, खड्डे गेले, लाकूड कसे पिवळेधमक निघाले. त्यावर पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. रिसीव्हर, म्हणजे नळीच्या मागचा तो मुख्य लोखंडी भाग, पांढरा चकचकीत दिसत होता; आम्हाला वाटले याचा रंग उडालाय. दुकानातून बाटली आणून तो काळानिळा करून टाकला. साधा चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू फिरवले. मुख्य स्क्रूंच्या शेजारी त्यांना अडवून धरणारे बारीक स्क्रू असतात हे माहीत नसल्याने जोर लावला आणि दोघांच्याही खाचा बिघडवल्या. मग मोठ्या अभिमानाने ती एका गन शोमध्ये घेऊन गेलो.

तिथे एका टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "लाकूड छान झालंय. रायफल मात्र गेली."

त्यांनी आम्हाला खुर्ची दिली आणि तासभर शिकवले. दस्त्यावर मुकुट आणि त्याखाली जुन्या वळणाचे एकेक अक्षर असे शिक्के असतात. प्रत्येक शिक्का म्हणजे एका तपासनिसाची सही. ते आमच्या पॉलिशपेपरबरोबर कचऱ्यात गेले होते. रिसीव्हर पांढराच असायचा, तो मूळचाच तसा. प्रत्येक रायफलीला एक नंबर, आणि तोच नंबर किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे बोल्टवर, चापाच्या कमानीवर, नेमाच्या पट्टीवर, कड्यांवर, इतकेच काय, स्क्रूंच्या डोक्यावरसुद्धा. सगळे जुळले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशी आपल्यापर्यंत आली. जुळले नाहीत तर वाटेत कुठेतरी तिचे सुटे भाग होऊन पुन्हा जोडणी झाली. दुसऱ्या महायुद्धात रशियनांच्या हाती लागलेल्या जर्मन रायफलींचे असेच झाले. त्यांनी सगळ्या खोलल्या, ढीग केले, नव्याने रंगवल्या, जो बोल्ट हाती लागला तो बसवला, आणि त्यावर विजेच्या पेन्सिलीने नवा नंबर कोरला. अशा हजारो रायफली पुढे अमेरिकेच्या बाजारात आल्या. त्यात खोटेपणा काही नाही, तोही एक इतिहासच. खोटेपणा तेव्हा, जेव्हा कोणी मूळ आकडे घासून नवे ठोकतो आणि 'सगळे नंबर जुळतात' म्हणून दुप्पट किंमत लावतो.

आमच्या डान्झिगचे नंबर जुळत होते. तेवढेच एक समाधान.

दुसरी रायफल मिळाली २००३ मध्ये, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी आहे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. मुले त्यांना आजोबाच म्हणत, आणि त्यांनाही तो शब्द आवडे. त्यांच्या तोंडी त्याचा उच्चार 'आजोबू' असा होई. एका रविवारी त्यांनी हाक मारली आणि बेसमेंटातल्या भट्टीमागून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक वस्तू काढून दाखवली. "तुम्हाला या लोखंडात रस आहे ना? माझ्या मागे ही कचऱ्यात जाईल. घेऊन जा." ती होती 'कारबिनर ९८ कुर्झ'. १९३५ मध्ये जर्मनीने जुन्या लांब रायफलीची ही आखूड आवृत्ती घेतली. एक मीटर अकरा सेंटिमीटर, बोल्टची मूठ खाली वाकवलेली, आणि दस्ता अखंड लाकडाचा नव्हे तर पातळ फळ्या डिंकाने चिकटवून केलेला. युद्ध संपेपर्यंत अशा एक कोटीहून जास्त झाल्या. आमची १९४३ ची. ओहायोतल्या बेसमेंटाचा दमटपणा तुम्हाला सांगायला नको. साठ वर्षे भिंतीला टेकून उभी राहिल्याने डावी बाजू तांबेऱ्याने लाल झाली होती.

आम्ही दुकानदारामार्फत रीतसर फॉर्म भरून ती नावावर करून घेतली. आणि या वेळी सहा महिने तिला हात लावला नाही. फक्त वाचले.

हात लावला तो असा. आधी बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिले आणि करंगळीनेही चाचपले. हे दर वेळी, आपणच पाच मिनिटांपूर्वी पाहिले असले तरी. मग बोल्ट काढून वेगळा ठेवला. खाचेत अगदी नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर आणले. कड्या, दस्ता, नळी, सगळे अलग करून प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यावर मांडली आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तिचे नाव लिहिले. कागदवालीची शिस्त.

गंज काढण्याची जी रीत आम्ही शिकलो ती ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. खरवडायचे नाही, आम्लही लावायचे नाही. उकळायचे! लाल तांबेरा म्हणजे लोखंडाचे एक ऑक्साइड. ते उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले की त्याचे दुसरे, काळे ऑक्साइड होते आणि ते आणखी गंजत नाही. कारखान्यात जुन्या पद्धतीने नळीला निळसर काळा रंग देत तोही मुळात असा मुद्दाम आणलेला आणि उकळून काळा केलेला गंजच. आम्ही नळी रिसीव्हरसकट साबणाने धुऊन तिचे तेल घालवले, एक लांब पत्र्याचे कुंड आणले, ते दोन कॅम्प स्टोव्हवर ठेवले आणि दुकानातले डिस्टिल्ड पाणी ओतले. नळाच्या पाण्यातले क्षार लोखंडावर डाग पाडतात. वीस मिनिटांत लाल डाग काळे मखमलीसारखे झाले. वरची भुकटी अगदी बारीक स्टील वुलने हलक्या हाताने पुसली, तेल लावले, आणि खाली मूळचा रंग जवळजवळ सगळा शाबूत निघाला. सुनेच्या माहेरची जुनी चांदी चिंचेने घासल्यावर जसे एकेक नक्षीकाम वर येते तसे एकेक अक्षर वर आले.

लाकडाला पॉलिशपेपर लावला नाही. मऊ फडक्याने मिनरल स्पिरिटने मळ काढला आणि उकळलेल्या अळशीच्या तेलाचा एक पातळ हात दिला. अळशी म्हणजे आपली जवस. इथे एक गोष्ट सर्वांना सांगितलीच पाहिजे, मग तुम्ही रायफलीला तेल लावा की देव्हाऱ्याला. जुलैच्या दुपारी तेलाची फडकी गॅरेजमध्ये एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बोळा करून टाकली होती. तासाभराने स्वयंपाकघरात जवसाची चटणी करपल्यासारखा वास आला. गॅसवर काहीच नव्हते. वासाच्या मागे जाऊन पाहिले तर खोक्यातून धूर! अळशीचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि गरम होते. बोळा असला की ती उष्णता आतच कोंडते, आणि काडी न लावता फडके पेटते. खोके अंगणात फेकले, पाणी ओतले. चटणीच्या वासाची ओळख नसती तर त्या दिवशी घर गेले असते. तेव्हापासून फडकी बाहेर सिमेंटवर पसरून वाळवतो, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवतो.

मधली कडी काढली तेव्हा मात्र आमचा श्वासच थांबला. कडीच्या बरोबर खाली दस्ता आरपार कापलेला होता. पुढचा तुकडा हातात आला. वाटले, मोडली. पण काप सरळ होता, करवतीच्या दात्यांच्या रेषा दिसत होत्या. पुस्तकात पाहिले तर याला नावही आहे, 'डफल कट'. युद्धावरून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून पकडलेली रायफल घरी नेता येई, पण ती त्यांच्या कापडी डफल पिशवीत मावत नसे. म्हणून कडीखाली लाकूड कापायचे, लोखंड वेगळे भरायचे, आणि घरी पोचल्यावर पुन्हा कडी चढवायची. काप झाकला जातो.

आता हा सांधा जोडायचा का? चांगला कारागीर आतून खुंटी आणि इपॉक्सी घालून असा जोडतो की शोधून सापडत नाही. यंत्रवाल्याचे हात शिवशिवत होते. कागदवाली म्हणाली, "आधी त्यांना विचारू या."

आजोबांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि बिस्किटांच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद आणून दिला. अधिकाऱ्याची सही असलेला परवाना, की हा सैनिक एक जर्मन रायफल घरी नेऊ शकतो. असा कागद रायफलीबरोबर असला की संग्राहकांच्या बाजारात तिचा भाव चढतो. त्याच्याबरोबर एखादी लढाईची कथा असली तर आणखी. आम्ही कथा विचारली.

"कथा नाही," ते म्हणाले. "मी ट्रक चालवत होतो. इटलीत. बंदूक रोखायची वेळ माझ्यावर आली नाही. मे १९४५ मध्ये जर्मन शरण आले, रस्त्याच्या कडेला रायफलींचा ढीग पडला होता. मी वरची उचलली. करवत मेकॅनिकची." थोडे थांबून म्हणाले, "नातवंडांना वाटतं मी ती लढून मिळवली. मी तसं कधी म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. तुम्ही खरं काय ते लिहून ठेवा."

त्याच दिवशी त्यांनी सांगितले की १९४४ च्या नाताळात सेर्किओ नदीच्या खोऱ्यात त्यांनी भारतीय सैनिक पाहिले होते, आणि एकाने त्यांना तव्यावरची गरम चपाती दिली होती. आम्हाला वाटले, म्हातारपणीच्या आठवणी. कागदवालीने शोधले. जर्मनांच्या हल्ल्याला तोंड द्यायला त्या नाताळात आठव्या भारतीय डिव्हिजनची पथके अमेरिकनांच्या मदतीला त्याच खोऱ्यात धाडली होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती! चपाती देणारा मराठाच होता असे आम्ही म्हणत नाही. डिव्हिजनमध्ये अनेक प्रांतांचे जवान होते.

पण त्यानंतर या रायफलीकडे आम्हाला नुसते यंत्र म्हणून पाहता येईना. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, वय २२, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. सोबतचे सगळे पडले होते. हातबाँबने मशीनगन गप्प केली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना झोडपले. मग लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावी त्यांचे स्मारक उभे राहिले. जर्मन पायदळाची नेहमीची रायफल ही अशीच होती, कारबिनर ९८. आमच्या पुठ्ठ्यावर सुटी करून मांडलेली.

जोडायचे नाही असे ठरले. काप तसाच ठेवला. वरून कडी चढवली.

शिक्क्यांचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. नळीवर आणि रिसीव्हरवर गरुड, आणि गरुडाच्या पायाशी स्वस्तिक. तांदळाच्या दाण्याएवढे, पण स्पष्ट. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती आणि शाळेत नेमका तोच इतिहास चालू होता. ती जिन्यावर उभी राहून म्हणाली, "आई, हे घरात ठेवणार आहात तुम्ही?" आम्ही म्हटले, "अगं, देवघरातही आहे, उंबऱ्यातल्या रांगोळीतही आहे." ती म्हणाली, "ते वेगळं. आणि तुम्हालाही माहीत आहे ते वेगळं." मैत्रिणी येणार असल्या की ती रांगोळीतले स्वस्तिक पायाने पुसून टाकी, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हा प्रसंग झाला असेल.

कानशीने पाच मिनिटांचे काम होते. युगोस्लाव्हियाने आपल्या हाती आलेल्या रायफलींवरचे जर्मन शिक्के असेच घासून काढले. इस्रायलची गोष्ट निराळी. १९४८ मध्ये नव्या देशाला शस्त्रे कोणी देईना, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाकडून ज्या रायफली मिळाल्या त्या याच बनावटीच्या, आणि त्यातल्या काहींवर हे शिक्के तसेच होते. ते घेऊनच ते लढले. पुढे काहींवर शेजारी आपला तारा ठोकला.

आम्ही कानस बाजूला ठेवली आणि आधी रिसीव्हरवरची तीन अक्षरे शोधायला घेतली: बी-सी-डी. कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून जर्मनांनी प्रत्येकाला असे सांकेतिक अक्षर दिले होते. बी-सी-डी म्हणजे वायमारचा गुस्टलॉफ कारखाना. त्यामागची हकिगत अशी. झूल गावात झिमसन नावाचे ज्यू घराणे पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे बनवत असे. पहिल्या महायुद्धात डान्झिगबरोबर त्यांनीही गेवेअर ९८ केल्या होत्या. नाझी सत्तेवर आल्यावर १९३५-३६ च्या सुमारास त्यांचा उद्योग हिसकावला गेला, घराणे परागंदा झाले, आणि त्या मालमत्तेवर गुस्टलॉफ या नाझी पुढाऱ्याच्या नावाची संस्था उभी राहिली. वायमारचा कारखाना तिचाच. वायमारच्या टेकडीवर बुखेनवाल्डची छळछावणी. १९४२ पासून तिथले कैदी या कारखान्यात राबवले गेले, आणि १९४३ मध्ये छावणीला लागूनच रायफलींसाठी दुसरा कारखाना उघडला. २४ ऑगस्ट १९४४ ला अमेरिकन विमानांनी तो उद्ध्वस्त केला. त्यात कैदीही मेले. त्या छावणीत एकूण सुमारे ५६ हजार माणसे मेली. कैदी सुटे भाग चोरून नेत आणि छावणीत लपवून रायफली जुळवत, हीही नोंद आहे.

आमची १९४३ ची. तिचा कोणता भाग कोणाच्या हातचा हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या शिक्क्यामुळे आणि त्या तीन अक्षरांमुळेच आम्ही तिथवर पोचलो. मुलीने हे सगळे वाचले आणि एवढेच म्हणाली, "मग ते पुसलं तर त्यांचंच काम होईल." कानस पुन्हा उचलली नाही. मात्र तिच्या सांगण्यावरून रायफल भिंतीवर लावली नाही. शोभेची वस्तू नाही ती. कुलपाच्या कपाटात आडवी, बोल्ट दुसऱ्या खोलीत, आणि सोबत टाइप केलेले दोन कागद: एकात कारखान्याची हकिगत, एकात ढिगाची आणि करवतीची, खाली आजोबांची सही.

आता थोडे व्यवहाराचे, कारण फोन येतील. अमेरिकन कायद्याने 'अँटिक' म्हणजे १८९८ किंवा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक. गंमत अशी, की १८९८ चे मॉडेल यात जवळजवळ कधीच बसत नाही. १८७१, १८८४ आणि १८८८ ची बसतात. पन्नास वर्षांवरच्या बाकीच्या जुन्या रायफलींसाठी संग्राहकांचे वेगळे लायसन्स असते. त्यावर प्रत्येक राज्याचे आणखी नियम. एच-वन किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. त्यांना बंदूक बाळगणे सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. भारतात नेण्याचा विचारही करू नका. आणि जुनी रायफल उडवून पाहायची हौस असेल तर आधी जाणकार कारागिराकडून तपासून घ्या. जर्मनांनी १९०५ च्या सुमारास गोळीचा व्यास ८.०८ वरून ८.२० मिलिमीटर केला. नाव तेच, काडतूस दिसायलाही तसेच. १८८८ च्या न बदललेल्या नळीत नवे काडतूस घातले तर काय होईल ते सांगायला नको. आम्ही आमची एकही कधी उडवली नाही.

एका गन शोमध्ये आम्हाला तुर्की माउझरही दिसली. ओबर्नडॉर्फलाच झालेली, पण नेमाच्या पट्टीवर अरबी आकडे. कुतच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पुणे डिव्हिजनमधल्या आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींसमोर तुर्कांच्या हाती माउझरच होत्या. बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिलो. घेतली नाही. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आजोबा २००७ मध्ये गेले. त्यांचा नातू २०१९ मध्ये नोकरीला लागला तेव्हा आमच्याकडे आला. रायफल दाखवली. तो आधी लढाईबद्दलच विचारू लागला. आम्ही त्याच्या हातात कागद दिला. उभ्यानेच वाचला त्याने, दोनदा. चेहरा उतरेल असे वाटले होते. खाली सही पाहिल्यावर म्हणाला, "हे त्यांचंच अक्षर." मग कडी काढायला सांगितली आणि त्या कापावरून अंगठा फिरवत बसला. "वाकडा कापलाय," म्हणाला, "घाईत होते वाटतं." गेल्या वर्षी त्याने स्वतःचे घर घेतले. दुकानदाराकडे जाऊन, फॉर्म भरून, रायफल आणि दोन्ही कागद आम्ही त्याच्या नावावर केले.

तेव्हा पिकनिकमधल्या मंडळींनी निश्चिंत असावे. आता बेसमेंटात उरली आहे ती फक्त आमची पॉलिश केलेली डान्झिग. गणपतीला ती आणता येणार नाही, हॉल शाळेचा आहे आणि शाळेच्या आवारात बंदूक चालत नाही. पाहायची असेल त्यांनी घरी यावे. चहा होईल. फक्त आधी फोन करा, आणि लाकडाची स्तुती करू नका.